पत्रीच्या शोधांत : मोरव्याहून उत्तनपर्यंत

गेल्या गणेशचतुर्थीची गोष्ट. गुरुजी एकेका पत्रीचें नांव उच्चारीत होते आणि आमचे वडील बंधु त्या त्या नांवासरशीं जुडींतून एकेक पान काढून देवाला वाहत होते. शेजारीं धाकटा पुतण्या मांडी घालून बसला होता. सात वर्षांचें पोर. त्याला स्वस्थता कोठली! पूजा आटोपतांच त्यानें आजीला विचारलें, “आजी, यांत आघाडा कोणता?”

आजीनें, म्हणजे आमच्या आईनें, चष्मा लावून उरलेली जुडी चाळली. आघाडा म्हणून जें पान हातीं आलें, तें आघाड्याचें नव्हतें. माका म्हणून दुसरें उचललें, तेंहि भलतेंच निघालें. मोठ्या वहिनी स्वयंपाकघरांतून आल्या, बंधूंनीं उपरण्यानें चष्मा पुसून पाहिलें, मीहि माझें अज्ञान पाजळलें. अखेर असें निष्पन्न झालें कीं, घरांतील अकरा माणसांना मिळून एकवीसांपैकीं सहा पत्री छातीठोकपणें ओळखतां येतात. आणि त्या सहांत तुळस व दूर्वा या दोन होत्या! आई थोडी ओशाळून म्हणाली, “अरे, झाडावर पाहिलें तर ओळखीन मी. जुडींत सगळीं पानें सारखींच.”

तिचें तें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. वनस्पतींचीं नांवें आम्ही पिढ्यान् पिढ्या जपलीं. व्रतांत, स्तोत्रांत, औषधाच्या काढ्यांत तीं अजून नांदत आहेत. परंतु ज्यांचीं हीं नांवें, तीं झाडें मात्र आपल्या ओळखीच्या वर्तुळांतून नकळत निघून गेलीं. आजी गेल्यावर ‘झाडावर ओळखीन’ म्हणणारेंहि घरांत कोणी उरणार नाहीं. तेव्हां ठरविलें कीं, येत्या कार्तिकांत आवळीभोजनाचें निमित्त करावयाचें आणि आईला घेऊन रानांत जावयाचें. मुलांनीं झाडें पाहावींत, आणि आईनें तीं दाखवावींत.

रान म्हटलें कीं मुंबईकराला महाबळेश्वर नाहीं तर माथेरान आठवतें. मग गाडी ठरविणें, मुक्कामाची सोय पाहणें, सुट्ट्यांची जुळवाजुळव करणें, आणि अखेर बेत पुढें ढकलणें! वास्तविक मुंबई-ठाण्याच्या मनुष्याइतका भाग्यवान् नागरिक विरळा. येऊरचें रान ठाणें स्टेशनावरून सुटणाऱ्या बसनें गांठतां येतें. बोरिवली स्टेशनापासून राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा चालत जाण्याइतका जवळ आहे. आणि भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनकडे जाणारी बस धरली, तर मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी असे एकेक गांव मागें टाकीत ती आपल्याला खाडी, मिठागर, डोंगर आणि समुद्र या चौघांच्या मधोमध नेऊन सोडते. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही हा तिसरा मार्ग निवडला. येथें चढ बेताचा आहे, आणि पाय थकले तर मागून येणाऱ्या बसला हात दाखवितां येतो. वृद्ध माणसांसह निघणाऱ्या कुटुंबाला ही सोय लहानसहान नव्हे.

भाईंदरची गर्दी मागें पडली कीं दहापंधरा मिनिटांतच देखावा पालटतो. रस्त्याच्या दोहों अंगांना मिठागरें दिसूं लागतात. आम्ही मोरवा येथें उतरलों. कौलारू घरें, अंगणांत तुळशीवृंदावन, कडेला आंबा-चिंचेचीं जुनीं झाडें, असा हा आगरी वस्तीचा गांव. मात्र मधूनमधून नव्या इमारतींनीं डोकें वर काढलें आहे. ‘आगरी’ हा शब्द ‘आगर’ यावरून आला, आणि मिठाचें आगर तर येथें डोळ्यांसमोर पसरलेलें. एका घराच्या ओटीवर बसलेल्या वृद्ध मावशींनीं मुलांना मिठाची सारी कृति समजावून दिली : उधाणाच्या भरतीचें पाणी बांधाच्या दारांतून आंत घ्यावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत असें फिरवीत उन्हानें आटवावयाचें, आणि अखेरच्या उथळ वाफ्यांत मिठाचे दाणे जमूं लागले कीं फळीनें ओढून त्यांच्या राशी करावयाच्या. पाऊस उघडल्यावर हें काम सुरू होतें आणि दुसरा पाऊस येईपर्यंत चालतें. “म्हणजे मीठ पिकतें?” असें पुतण्यानें विचारतांच मावशी हंसून उद्गारल्या, पिकतेंच तर! त्यांच्या अंगणांत बेल आणि तांबडी कण्हेर होती. आमच्या वहींत पहिल्या दोन पत्रींची नोंद येथेंच झाली.

बांधाच्या पलीकडे खाडीच्या चिखलांत तिवरांचें रान आहे. पुष्कळांना हें रान वाटतच नाहीं; चिखल, डास आणि दुर्गंधी एवढीच त्याची ख्याति. परंतु ओहोटीच्या वेळीं नीट पाहावें. तिवराच्या बुंध्याभोंवतीं चिखलांतून पेन्सिलीसारखीं शेंकडों टोकें वर आलेलीं दिसतात. तीं त्याचीं श्वासाचीं मुळें होत. खाडीच्या घट्ट चिखलांत हवा शिरत नाहीं, म्हणून हें झाड मुळांच्या टोकांनीं वरची हवा घेतें. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचें बीं झाडावरच रुजतें आणि लांब शेंगेसारखा कोंब झाल्यावर खालीं चिखलांत पडतें. जणूं लेंकराला चालतां येऊं लागल्यावरच आईनें घराबाहेर सोडावें! मुलांना ही उपमा आमच्या वहिनींनीं दिली, आणि ती त्यांच्या कायमची स्मरणांत राहिली. हींच झाडें भरतीच्या लाटांचा जोर मोडतात, माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. उच्च न्यायालयानें २००५ सालीं त्यांच्या तोडीस मनाई केली, २०१२ सालीं राज्य सरकारनें कांदळवनांसाठीं वनखात्याची स्वतंत्र शाखा उघडली, आणि २०२० सालीं पांढरी चिपी या झाडाला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ज्याला आपण चिखल म्हणून नाक मुरडलें, त्याची योग्यता कळावयास आपल्याला इतकीं वर्षें लागलीं.

मिठागरांत शेकाटे आपल्या लांबच लांब तांबड्या पायांवर डौलानें फिरत होते, तुतवार पाण्याच्या कडेनें लगबग करीत होते. मुलांना दाखवावयास दुर्बीण नव्हती. परंतु थोडा वेळ मुकाट्यानें उभें राहिलें तर पक्षी आपण होऊन जवळ येतात, हा धडा दुर्बिणीपेक्षां अधिक मोलाचा. पक्ष्यांचा छंद लागलाच, तर डॉ. सालिम अली यांचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक घरांत असावें. आणि मराठींतच रानाची गोडी लागावी असें वाटत असेल, तर दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ किंवा मारुती चितमपल्ली यांचीं पुस्तकें घरांत मोठ्यानें वाचावीं.

मोरव्याहून डोंगरीकडे आम्ही पायींच निघालों. वाट सडकेचीच, म्हणून मुलांना एका बाजूस ठेवून, ओळीनें. सडकेच्या कडेला जें उगवतें त्याला आपण तण म्हणतों. आणि पत्रीचा निम्मा संसार तर या तणांतच असतो! प्रथम रुई भेटली. आईनें पान किंचित् दुमडतांच पांढरा चीक आला; तो डोळ्याला लागूं देऊं नये, हें तिनें मुलांना लगेच बजावलें. पानामागें काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक सुरवंट होता. तांबूस पंखांचें एक सामान्य फुलपाखरूं आपलीं अंडीं रुईवरच घालतें. त्या चिकाचें विष अंगीं मुरल्यामुळें पक्षी त्याच्या वाटेस जात नाहींत. पुढें धोत्रा, कांट्यांची डोरली, एका पडक्या भिंतींतून उगवलेला पिंपळ, आणि बोराची झुडपें, अजून हिरव्या बोरांनीं लदलेलीं. दूर्वा तर पायांखालींच होत्या. आई प्रत्येक ठिकाणीं थांबे, पान चुरगळून वास घेई, मग मुलांच्या हातीं देई. घरांत जी बाई दिवसाकाठीं दहा वाक्यें बोलते, तिला त्या दिवशीं शब्द पुरत नव्हते. डोरलीच्या मुळ्या दशमुळांत पडतात, धोत्र्याचें बीं विषारी, पिंपळाखालीं रात्रीं निजूं नये—शास्त्र आणि समजुती यांची सरमिसळ असेल. परंतु तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलें तें भांडार होतें, आणि इतकीं वर्षें आम्ही तें कधीं मागितलेंच नव्हतें.

डोंगरी हें गांव ख्रिस्ती वस्तीचें. येथील बेथलेहेम मातेचें देऊळ १६१३ सालचें, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्याहि आधींचें. येथल्या जुन्या रहिवाशांची घरची बोली मराठीच; अंगणांत फुलझाडें, दारापुढें क्रूस. या गांवाच्या पाठीशीं जो डोंगर आहे, तेंच आमचें रान. फार मोठें नव्हे, फार दाटहि नव्हे. ताडांचे उंच सोट, आंबा, काटेसावर, पळस, कुडा, करवंदाच्या जाळ्या. कार्तिकांत गवत पिवळें पडूं लागलेलें आणि पायवाट कोरडी. विष्णुकांतेचें नखाएवढें निळें फूल येथेंच गवतांत दिसलें. एवढ्यांत पुतण्या पाय आपटूं लागला. त्याच्या पायमोज्यांना बारीक कुसळासारखें कांहींतरी ओळीनें चिकटलें होतें आणि तें निघतां निघेना. आई वांकली, तिनें एक कुसळ काढून तळहातावर घेतलें आणि म्हणाली, “हा बघ तुझा आघाडा. तूं त्याला शोधीत होतास, त्यानेंच तुला धरलें!”

आघाड्याचा तुरा लांब व उभा असतो, फळें त्यावर उलटीं, टोंकें खालीं करून बसतात, आणि जवळून जाणाऱ्या गुराच्या वा माणसाच्या अंगाला चिकटून दूरवर जातात. बीं पसरविण्याची ही त्याची युक्ति. पाठ्यपुस्तकांत हें वाक्य त्यानें वाचलें असतें, तर परीक्षेनंतर विसरला असता; पायमोज्याला चिकटलेलें वाक्य तो आतां जन्मभर विसरणार नाहीं.

आवळीचें झाड मात्र वाटेंत कोठें भेटलें नाहीं. आईनें हा प्रसंग ओळखून घरूनच चार आवळे पदराला बांधून आणले होते. ते मधोमध ठेवून आम्ही एका आंब्याखालीं दशम्या, चटणी आणि दहींभात खाल्ला. शास्त्राला थोडी मुरड पडली. भुकेला पडली नाहीं.

जेवल्यावर उत्तनची बस धरून पुढें गेलों. उत्तन कोळ्यांचें बंदर. कार्तिकांत बोंबील वाळविण्याचे बांबूंचे मांडव किनाऱ्यावर भरलेले असतात; शाकाहारी नाकाला ही परीक्षाच, परंतु ज्यांच्या घरचें अन्न त्यांच्या आंगणांत वाळत आहे, त्यांच्यापुढें नाकाला रुमाल लावणें हा शिष्टाचार नव्हे. पुढें चौक येथील टेकडीवर धारावीच्या किल्ल्याची जागा आहे. खालीं वसईच्या खाडीचें मुख, पलीकडे वसईचा कोट. ही टेकडी ज्याच्या हातीं, त्याच्या नजरेखालून खाडींत शिरणारें प्रत्येक गलबत जाणार. म्हणूनच १७३९ च्या मार्च महिन्यांत मराठ्यांनीं प्रथम धारावी घेतली, आणि मे महिन्यांत वसई पडली. आतां येथें चिमाजीअप्पांचा पुतळा उभा आहे. किल्ल्याचें बांधकाम फारसें उरलें नाहीं. नजर मात्र उरली आहे. वनस्पतींची ज्यांना अधिक आवड आहे, त्यांनीं उत्तनच्याच परिसरांतील केशवसृष्टि या संस्थेची गोशाळा, शेती आणि वनौषधींची लागवड आगाऊ परवानगी घेऊन पाहावी.

येथवर सर्व गोडच सांगितलें. परंतु जें दिसलें त्यांतील कडू भाग झांकणें बरें नव्हे. शहराचा कचरा कित्येक वर्षें याच डोंगराच्या धावगी भागांत टाकण्यांत आला; वारा फिरला कीं त्याची जाणीव होते. तो कचरा आपल्याच घरांतून आलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. मेट्रोच्या नवव्या मार्गाचें गाडीघर प्रथम राई, मुर्धा व मोरवा या गांवांच्या जमिनीवर योजिलें होतें. घरें व शेतें जातील म्हणून गांवकऱ्यांनीं विरोध केला. मग ती जागा डोंगरीकडे न्यावयाचें ठरलें; आणि तेथील बारा हजारांहून अधिक झाडें तोडण्याचा प्रस्ताव पुढें येतांच २०२५ सालीं पुष्कळ नागरिकांनीं हरकती नोंदविल्या.

प्रश्न सोपा नाहीं. आगगाडीच्या डब्यांत रोज चेंगरणाऱ्या माणसाला मेट्रो हवी आहे, आम्हीहि त्यांतलेच. ज्या सार्वजनिक वाहनानें आम्ही रानांत गेलों, त्याच जातीच्या वाहनाला उभें राहावयास जागा हवी. गांवांत घेतली तर घरें जातात, डोंगरावर घेतली तर झाडें जातात. दोन्ही पक्ष खरे असतां निवाडा करावयाचा कसा? एवढें मात्र मला तेथें उभें असतां उमगलें कीं, घरांच्या बाजूनें बोलावयास घरमालक असतात. झाडांच्या बाजूनें तोच बोलतो, ज्यानें तीं पाहिलेलीं असतात. ज्याला ‘तेथें कांहीं नाहीं, नुसती झुडपें आहेत’ असें वाटतें, तो हरकत कशाला घेईल?

इंग्लंडांतील एक उदाहरण येथें स्मरतें. लंडनच्या ईशान्येस एपिंग नांवाचें जुनें अरण्य आहे. गेल्याच्या मागील शतकांत जमीनदार त्याला कुंपणें घालून तुकड्यातुकड्यांनीं गिळूं लागले. तेथल्या गांवकऱ्यांना हिंवाळ्यांत सरपणासाठीं फांद्या तोडण्याचा पिढीजात हक्क होता. तो सोडावयास ते तयार होईनात, प्रसंगीं तुरुंगांतहि गेले. पुढें लंडनच्या नगरसंस्थेनें त्यांचा पक्ष उचलला, १८७८ सालीं पार्लमेंटनें कायदा केला, आणि १८८२ सालीं व्हिक्टोरिया राणीनें तें अरण्य लोकांसाठीं खुलें झाल्याचें जाहीर केलें. त्या रानांत जात-येत असणारीं माणसें होतीं, म्हणून तें वांचलें.

आमच्याकडे बोरिवलीचें रान वांचलें त्याला दुसरें कारण आहे. मुंबईला पाणी हवें म्हणून १८६० च्या सुमारास विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव तेथें झाले. त्यांचें पाणलोट शुद्ध राहावें म्हणून भोंवतालचें जंगल राखलें गेलें. आज सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें तें राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यांत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं व मुक्तपणें हिंडणारे बिबटे आहेत. कारवी तेथें आठव्या वर्षीं एकदम फुलते; २०२४ सालीं ती फुलली, आतां २०३२ सालीं फुलेल. आज जें मूल दुसरींत आहे, तें तेव्हां शाळेच्या शेवटच्या इयत्तांत असेल. तारीख आतांच भिंतीवर लिहून ठेवावी!

जाणाऱ्यांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. भर पावसांत ओढ्या-धबधब्यांजवळ जाण्यास बहुधा सरकारी मनाई असते. ती मोडण्यांत पराक्रम नाहीं. सकाळच्या गाडीनें निघावें, परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर वाहकाला विचारून घ्यावी, आणि अंधाराच्या आंत सडकेवर यावें. पाणी भरपूर, पायांत बंद जोडे, अंगांत पुऱ्या बाह्यांचे कपडे. गवतांत हात घालण्यापूर्वीं काठीनें चाचपावें. कोणाच्या वाडींतून वाट जात असेल तर विचारून जावें. आमचा अनुभव असा कीं, विचारणाऱ्याला नुसती वाटच नव्हे, तर पाण्याचा तांब्याहि मिळतो. आणि पत्री ओळखावी, ओरबाडूं नये. ओळखीपुरतें एखादें पान पुरे. राष्ट्रीय उद्यानांत तर तेंहि कायद्यानें वर्ज्य आहे. आपला कचरा आपल्याच पिशवींत परत आणावा. डोंगराकडे पुरेसा आहे.

संध्याकाळीं बसमध्यें आई खिडकीशीं डोळे मिटून बसली होती. पुतण्यानें वही काढून हिशेब मांडला : बेल, कण्हेर, रुई, धोत्रा, डोरली, पिंपळ, बोर, दूर्वा, विष्णुकांता, आघाडा. दहा झाल्या. “अकरा राहिल्या, आजी,” तो म्हणाला. आईनें डोळे न उघडतांच सांगितलें, “देवदार सोड, तो हिमालयांतला. शमी देशावर मिळेल. माका पावसाळ्यांत ओलीवर शोधूं.” मग थोड्या वेळानें, जणूं स्वतःशींच, “पावसाळ्यांत गुडघे दुखतात खरे. पण बस थेट जाते ना रे तेथवर?”

जाते, असें मी सांगितलें.